मॅक्स फॉन सिडोचे हात

स्वीडिश नट मॅक्स फॉन सिडो 8 मार्च 2020 रोजी, नव्वदी ओलांडून, फ्रान्समध्ये वारला तेव्हा मी वाचलेल्या जवळजवळ प्रत्येक मृत्युलेखासोबत एकच छायाचित्र होते: समुद्रकिनाऱ्यावर बुद्धिबळाचा पट मांडून काळ्या झग्यातील मृत्यूसमोर बसलेला धर्मयोद्धा. साठ वर्षांहून अधिक काळ काम केलेल्या नटाची ओळख त्याच्या सत्ताविसाव्या वर्षी चित्रित झालेल्या एका दृश्यात अडकून पडावी, हे मला खटकले. पण माझ्या स्वतःच्या आठवणीतही तो तसाच होता, हेही तितकेच खरे. उंच, करारी, खोल आवाजाचा, मृत्यूच्या डोळ्याला डोळा भिडवणारा. ही प्रतिमा तपासून पाहावी, त्याचे जुने चित्रपट प्रदर्शनाच्या क्रमाने पुन्हा पाहावेत, असे तेव्हाच मनात आले होते. मात्र पंधरवड्याच्या आत टाळेबंदी लागली, आणि त्या दिवसांत प्लेगच्या साथीवरील चित्रपट लावून बसण्याची हौस मला नव्हती. प्रत्यक्ष सुरुवात बऱ्याच नंतर झाली.

यांपैकी बहुतेक चित्रपट मी प्रथम पाहिले ते ऐंशीच्या दशकात, पुण्यातील एका फिल्म सोसायटीत आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या सभागृहात. सोसायटीकडे येणाऱ्या 16 मिलिमीटरच्या प्रती अनेक हातांतून गेलेल्या असत. उपशीर्षके पांढऱ्या अक्षरांत असत, आणि स्वीडिश चित्रपटांत बर्फ, समुद्र, पांढऱ्या भिंती व पांढरे आकाश यांची कमतरता नसल्यामुळे निम्मा संवाद त्या पांढऱ्यात विरघळून जाई. मग उरलेली अक्षरे टिपण्यासाठी डोळे पडद्याच्या तळाशी खिळलेले राहत. अशा पाहण्यात नटाचे जे हाती लागते ते बहुतांशी आवाज आणि चेहरा, तोही चोरून पाहिलेला. म्हणून या वेळी मी एक शिस्त ठरवून घेतली. प्रत्येक चित्रपट आधी उपशीर्षकांसह सलग पाहायचा, आणि दुसऱ्या संध्याकाळी त्यातील फॉन सिडोचे प्रसंग उपशीर्षके बंद करून पुन्हा पाहायचे. आता डागडुजी केलेल्या स्वच्छ प्रती मिळतात, प्रसंग मागे-पुढे करता येतो, चित्र थांबवता येते. चित्रपट असे थांबवत पाहणे हा त्याच्या लयीवर अन्याय आहे असे मानणाऱ्यांपैकी मीही आहे. पण पहिली संध्याकाळ लयीला दिली असेल, तर दुसरी कारागिरीला द्यायला हरकत नसावी.

सुरुवात अर्थातच बुद्धिबळाचे ते दृश्य असलेल्या, प्लेगच्या काळात घडणाऱ्या 1957 च्या 'द सेव्हन्थ सील'ने केली. दिग्दर्शक इंगमार बर्गमनने 1956 च्या उन्हाळ्यात हा चित्रपट अवघ्या 35 दिवसांत पुरा केला. बराचसा भाग स्टॉकहोमजवळच्या रोसुंदा येथील स्टुडिओत झाला आणि तो प्रसिद्ध किनारा स्कोने प्रांतातील होव्ह्स हालारचा. फॉन सिडो याच प्रांतातील लुंडचा. बर्गमनशी त्याची गाठ पडली तीही तिथल्याच माल्मो शहराच्या नाट्यगृहात. बुद्धिबळ खेळणाऱ्या मृत्यूची कल्पना स्टॉकहोमच्या उत्तरेस असलेल्या टेबी येथील चर्चमधील भित्तिचित्राशी जोडलेली आहे. पंधराव्या शतकात ते रंगवणारा आल्बेर्टस पिक्टर चित्रपटात एक पात्र म्हणूनही येतो आणि योद्ध्याच्या सेवकाशी गप्पा मारतो.

पहिल्या संध्याकाळी चित्रपट मला आठवत होता तसाच वाटला. दुसऱ्या संध्याकाळी, संवाद वाचण्याचे ओझे नसताना, सुरुवातीचाच प्रसंग वेगळा दिसू लागला. मृत्यू विचारतो, तू तयार आहेस का. धर्मयोद्धा आंतोनियस ब्लॉक उत्तर देतो की माझे शरीर भ्यालेले आहे, मी नाही. हे वाक्य मी पूर्वी शौर्याचे म्हणून ऐकले होते. आता लक्षात आले की फॉन सिडो वाक्याचा पहिला भाग अगदी खराखुरा म्हणतो आणि दुसऱ्या भागावर त्याचा स्वतःचाच पुरता विश्वास नाही. पुढे चर्चमधील पापनिवेदनाचा प्रसंग येतो. जाळीआड पाद्री आहे असे समजून ब्लॉक आपल्या खेळातील डाव सांगून बसतो, आणि जाळीआडून मृत्यूचाच चेहरा पुढे येतो. फसवणूक उमगल्यावर तो काय करतो? तो स्वतःचा हात चेहऱ्यासमोर धरून पाहतो. हा माझा हात आहे, मी तो हलवू शकतो, यात रक्त सळसळते आहे, असे तो म्हणतो. देव, मरण, शून्य यांविषयीचे त्याचे एवढे प्रश्न. पण जिवंत असल्याचा पुरावा शोधताना तो आकाशाकडे पाहत नाही, आपल्या पंजाकडे पाहतो.

एकदा हे दिसल्यावर हात सर्वत्र दिसू लागले. डोंगरउतारावर योफ आणि मिया या फिरत्या खेळकऱ्यांसोबत रानस्ट्रॉबेऱ्या आणि दूध घेताना तो म्हणतो की ही आठवण मी ताज्या दुधाने काठोकाठ भरलेल्या वाडग्यासारखी हातांत जपून नेईन, आणि वाडगा खरोखरच दोन्ही हातांनी उचलतो. जाळण्यासाठी नेल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीला वेदना कमी व्हाव्यात म्हणून तो काहीतरी देतो, तेही हातानेच. योफ-मियाच्या कुटुंबाला मृत्यूपासून निसटता यावे म्हणून पटावरील सोंगट्या तो उधळतो, आणि शेवटी स्वतःच्या किल्ल्यात मृत्यू दाराशी आल्यावर दोन्ही तळव्यांत चेहरा झाकून प्रार्थना करतो. चित्रपटाचे दुसरे अजरामर चित्र, डोंगरमाथ्यावरील मृत्यूचे नृत्य, बर्गमनने स्वतः सांगितल्याप्रमाणे ऐन वेळी सुचलेले आहे. बहुतेक नट निघून गेले होते, आकाशात एक विलक्षण ढग आला, आणि तंत्रज्ञांना व तिथल्या काही पर्यटकांना वेश चढवून ते चित्रित केले गेले. म्हणजे भिंतीवर लावल्या जाणाऱ्या त्या छायाकृतीत फॉन सिडोचा अभिनय शोधण्यात अर्थ नाही.

त्याच वर्षीच्या 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मध्ये तो काही मिनिटेच येतो. पेट्रोलपंपाचा मालक ओकरमान वृद्ध डॉक्टर इसाक बोर्ग यांच्याकडून पेट्रोलचे पैसे घेण्यास नकार देतो, कारण पूर्वी त्यांनी या भागातील लोकांवर केलेले उपचार कोणी विसरलेले नाही. बोर्गच्या भूमिकेत व्हिक्टर श्योस्ट्रोम आहे, म्हणजे मूकपटांच्या काळातील स्वीडनचा सर्वांत मोठा दिग्दर्शक. आधीच्या चित्रपटात मृत्यूशी झुंजलेला नट इथे हसतमुख, थोडासा गावरान, बायकोच्या खांद्याशी उभा राहून येऊ घातलेल्या बाळाला डॉक्टरांचे नाव द्यायचे ठरवतो. क्रमाने पाहण्याचा हा फायदा. 'दुःखी चेहऱ्याचा नट' ही चिठ्ठी त्याच्यावर किती घाईने चिकटवली गेली, ते या छोट्या प्रसंगात कळते.

1958 च्या 'द मॅजिशियन'मध्ये तो फोग्लर नावाचा मुका जादूगार आहे. खोटी दाढी, काळा केसांचा टोप, आणि चित्रपटाचा बराच भाग एकही शब्द नाही. त्याच्या विद्येवर विश्वास नसलेला वैद्यकीय अधिकारी त्याचा घसा तपासतो आणि सगळ्यांसमोर त्याचे हसे करतो. सोंग उतरल्यावर आत निघतो एक दमलेला, पैशांसाठी हात पसरणारा माणूस. मला हा चित्रपट तेव्हाही फार आवडला नव्हता आणि आजही पोटमाळ्यावरील भीतीचा खेळ लांबलेला वाटतो. पण एवढ्या उंच, देखण्या नटाच्या अंगात बर्गमनला लाचारी दिसली होती, आणि ती त्याने दुसऱ्याच वर्षी वापरून पाहिली, ही गोष्ट मी टिपून ठेवली.

'द व्हर्जिन स्प्रिंग' (1960) पुन्हा पाहण्याची मला धास्ती होती. तेराव्या शतकातील एका स्वीडिश लोकगाथेवर उल्ला इसाक्सनने ही पटकथा लिहिली. चर्चमध्ये मेणबत्त्या घेऊन निघालेल्या मुलीवर रानात मेंढपाळ बलात्कार करतात, तिला मारतात आणि नकळत तिच्याच बापाच्या घरी रात्रीच्या आसऱ्याला येतात. इथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. फॉन सिडोचे वडील कार्ल विल्हेल्म फॉन सिडो हे लुंड विद्यापीठातील लोककथांचे नामांकित अभ्यासक होते. तीच कथा वेगवेगळ्या प्रदेशांत रुजताना तिथले स्थानिक रूप कसे घेते, यावरील त्यांचा विचार लोकसाहित्याच्या अभ्यासकांना आजही ठाऊक असतो. अशा घरात वाढलेला मुलगा लोकगाथेतील बाप साकारतो तेव्हा त्याच्या हालचालींत पोशाखी चित्रपटाची ऐट नसते, जुन्या रिवाजाची संथ अपरिहार्यता असते.

ट्योरेला, म्हणजे त्या बापाला, खरे कळल्यावरचा प्रसंग मी उपशीर्षकांविना पाहिला, पण बंद करण्यासारखी उपशीर्षके तिथे फारशी नाहीतच. माळावर एकटे उभे असलेले भूर्जाचे कोवळे झाड तो आपल्या अंगाच्या भाराने वाकवतो, मोडतो, मुळापासून आडवे करतो. हे काम अवघड आहे, वेळखाऊ आहे, आणि छायाचित्रकार स्वेन न्यूक्विस्टचा कॅमेरा दूर उभा राहून ते सगळे आपल्याला पाहायला लावतो. मग त्या झाडाच्या डहाळ्यांनी स्वतःला झोडपत तो वाफेचे स्नान घेतो, जणू एखाद्या विधीची तयारी. त्यानंतर येतात त्या हत्या. दोन मोठे मारेकरी तर खरेच, पण ज्याने काही केलेले नाही त्या लहान मुलालाही तो उचलून भिंतीवर आपटतो. आणि मग पुन्हा तेच: तो आपले हात पाहतो. शेवटी मुलीच्या प्रेताजवळ, आपल्याकडे पाठ करून, तो देवाला विचारतो की तू हे पाहिलेस आणि होऊ दिलेस, मला तू कळत नाहीस. तरी मी तुझीच क्षमा मागतो, कारण माझ्या या हातांशी समेट करण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही. याच हातांनी इथे चर्च बांधीन, अशी प्रतिज्ञा तो करतो. अभिनयातील सर्वांत मोठा क्षण नटाने पाठमोरे राहून करावा, हा निर्णय दिग्दर्शकाचा असेल. पण त्या पाठीतून आणि वर उचललेल्या दोन हातांतून तो पोचवणे हे नटाचेच काम. उत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर या चित्रपटाला मिळाले. झरा फुटण्याचा शेवट मात्र मला आजही थोडा सोयीचा वाटतो.

'थ्रू अ ग्लास डार्कली'मधील सोशिक डॉक्टर नवरा मी झटपट ओलांडला. तो चित्रपट अभिनेत्री हारिएट आंडरसनचा आहे, आणि फॉन सिडोला ते समजलेले आहे. 'विंटर लाइट'मध्ये (1963) त्याची भूमिका त्याहून लहान आहे, तरी तिथे मी बराच थांबलो. योनास पेर्सन हा कोळी चीनकडे अणुबाँब येणार या बातमीने आतून खचलेला आहे. चीनने पहिली अणुचाचणी केली ती ऑक्टोबर 1964 मध्ये, म्हणजे ही भीती चित्रपटानंतर दोन वर्षांच्या आत वर्तमानपत्राचा मथळा झाली. गरोदर बायको योनासला पाद्रीकडे आणते, बोलते तीच. तो बसून राहतो, मान खाली, मोठे शरीर खुर्चीत जणू उसने ठेवलेले. पुन्हा एकटा येतो तेव्हा पाद्री त्याला धीर देण्याऐवजी स्वतःच्याच ढासळलेल्या श्रद्धेबद्दल बोलत सुटतो. फॉन सिडोला या प्रसंगात फक्त ऐकायचे आहे. ऐकणारा माणूस हळूहळू निघून जात आहे, शरीराने समोर असतानाच, हे तो पापण्यांच्या आणि श्वासाच्या एवढ्याशा फरकाने दाखवतो. त्यानंतर नदीकाठी त्याचे प्रेत. हा प्रसंग दुरून घेतला आहे आणि पाण्याच्या खळाळात माणसांचे बोलणे बुडून गेले आहे. इथे उपशीर्षके बंद केली काय अन् चालू ठेवली काय, सारखेच.

एव्हाना माझ्या आठवणीतील योद्धा बराच झिजला होता. पुढच्या तीन चित्रपटांनी त्याला पुरते बाजूला सारले. 1968 आणि 1969 मध्ये आलेले 'अवर ऑफ द वुल्फ', 'शेम' आणि 'द पॅशन ऑफ ॲना' हे तिन्ही अभिनेत्री लिव्ह उल्मनसोबतचे आहेत, आणि तिन्हींची कथा एकेका बेटावर घडते. पहिल्यातील झोप उडालेला चित्रकार योहान बोर्ग रात्री बायकोला घड्याळ धरून एक मिनिट किती लांब असते ते दाखवतो. बर्गमन ते मिनिट आपल्यालाही काढायला लावतो. माझी मुलगी तेव्हा खोलीत होती. "बाबा, हे बंद करा, भीती वाटते," असे ती म्हणाली, आणि पडद्यावर तर एक माणूस घड्याळाकडे पाहत बसला होता, एवढेच.

'शेम' हा माझ्या मते फॉन सिडोचा सर्वांत मोठा अभिनय आहे. 'द सेव्हन्थ सील'ची कीर्ती त्याच्या वाट्याला दशांशानेही आलेली नाही. यान आणि एवा रोसेनबर्ग हे वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारे जोडपे युद्धापासून दूर म्हणून एका बेटावर शेती करून राहते. कुठले युद्ध, कोण कोणाविरुद्ध, हे बर्गमन सांगत नाही. यान हळवा आहे, चिडका आहे, रडका आहे. स्वप्नात आपण पुन्हा वाद्यवृंदात तालमीला बसलो होतो असे सांगताना त्याला भरून येते, आणि एवाला त्याच्या त्या रडण्याचा कंटाळा आलेला आहे. कोंबडी मारायची वेळ येते तेव्हा बंदूक हातात घेऊनही त्याच्याने ती मारवत नाही. हातात व्हायोलिन घेऊन ती घडवणाऱ्या जुन्या कारागिराबद्दल तो बोलतो तेवढाच वेळ हा माणूस पूर्ण वाटतो. मग युद्ध दाराशी येते. ओळखीचा याकोबी एवाला पैसे देतो, तिच्याशी संग करतो. यानला ते कळते, आणि याकोबीचा जीव वाचवू शकणारे पैसे खिशात असताना तो ते कुठे आहेत हे माहीत नसल्याचे सांगतो. घर उद्ध्वस्त होते. सैनिक यानच्या हाती पिस्तूल देतात आणि तो याकोबीवर गोळ्या झाडतो. पुढे एका थकलेल्या कोवळ्या पळपुट्या सैनिकाला तो बुटांसाठी मारतो, तेव्हा त्याचा हात कापतसुद्धा नाही.

हा बदल मी या वेळी प्रसंगाप्रसंगाने तपासला, कारण पूर्वी तो मला अचानक वाटला होता. तो अचानक नाही. फॉन सिडो यानचा भित्रेपणा आणि त्याची क्रूरता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतच नाही. सुरुवातीच्या रडण्यात जो स्वार्थ आहे तोच शेवटच्या खुनात आहे; फक्त आधी त्याला कोणीतरी सांभाळून घेत होते. शेवटी याच माणसाच्या खांद्यांत पहिल्यांदाच ताठपणा येतो, चाल ठाम होते, तो एवाला हुकूम सोडू लागतो. ज्या देहयष्टीने आंतोनियस ब्लॉकला खानदानी रुबाब दिला, ती सहा फूट चार इंचांची देहयष्टी इथे माणूस नासल्यावर सरळ उभी राहते. नावेभोवती प्रेते तरंगत असतात आणि यान त्यांना ढकलून वाट काढू पाहतो, तो प्रसंग मी दुसऱ्यांदा पाहिला नाही. शिस्त तेवढी मोडली.

'द पॅशन ऑफ ॲना'त बर्गमन मध्येच कथा थांबवून नटांना त्यांच्या पात्रांबद्दल बोलायला लावतो. स्वतःला जगापासून लपवू पाहणारा माणूस व्यक्त करणे कसे अवघड आहे, याविषयी फॉन सिडो तिथे बोलतो. शांत, नेमका, प्राध्यापकाच्या मुलाला शोभेल असा. मधल्या या विरामांमुळे चित्रपट कमकुवत झाला असे अनेकांचे मत आहे. मला त्या मुलाखती नसत्या तर चुकल्यासारखे वाटले असते. 1971 च्या 'द टच'नंतर बर्गमनच्या दिग्दर्शनाखाली त्याने पुन्हा चित्रपट केला नाही. दोघांचे एकूण 11 चित्रपट झाले.

हॉलिवूडमधील त्याच्या कामांत मी फार रेंगाळलो नाही. 1965 च्या 'द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड'मध्ये तो येशू आहे, आणि तो चित्रपट त्याच्या हातांना आशीर्वाद देण्याखेरीज दुसरे काम देत नाही. 'द एक्झॉर्सिस्ट' (1973) वेगळा. फादर मेरिन म्हातारा दिसतो, पण चित्रपट आला तेव्हा फॉन सिडो 44 वर्षांचा होता. डिक स्मिथची रंगभूषा एवढी बेमालूम होती की पुढे तो खरोखर म्हातारा झाल्यावर लोकांना तो कित्येक वर्षे त्याच वयाचा राहिल्यासारखा वाटे. मात्र रंगभूषेने चेहरा म्हातारा होतो. इराकमधील सुरुवातीच्या प्रसंगांत गोळीची डबी उघडताना थरथरणारी बोटे नटाला स्वतः म्हातारी करावी लागतात.

मधला काळ मी यान ट्रोएलला दिला. विल्हेल्म मोबेरीच्या कादंबऱ्यांवरील 'द एमिग्रंट्स' (1971) आणि 'द न्यू लँड' (1972) हे दोन्ही चित्रपट तीन तासांहून मोठे आहेत. ट्रोएल स्वतःच दिग्दर्शक, छायाचित्रकार आणि संकलक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्मोलांड प्रांतातील दगडाळ जमिनीला कंटाळून अमेरिकेच्या मिनेसोटात गेलेल्या शेतकऱ्याची, कार्ल ऑस्करची, ही कहाणी. बर्गमनच्या बंद खोल्यांतून इथे आल्यावर डोळ्यांना हवा लागते. कार्ल ऑस्करला देवाच्या मौनाची चिंता नाही, त्याला शेतातील दगडांची आहे. दगड काढता काढताच त्याचा बाप अपंग होतो आणि शेत त्याच्याकडे येते. फॉन सिडो पहार, कुऱ्हाड, नांगर अशा सफाईने हाताळतो की त्याला शेतावर वाढलेला समजावे. दुसऱ्या चित्रपटात हिमवादळात सापडल्यावर तो आपला बैल मारतो आणि गारठलेल्या मुलाला ऊब मिळावी म्हणून त्याला बैलाच्या पोटात ठेवतो. ट्योरेचे हात आणि हे हात एकच आहेत, रक्ताने तसेच माखलेले. पण एकाने मूल मारले, दुसऱ्याने वाचवले. हे चित्रपट क्रमाने पाहिले नसते तर हे दोन प्रसंग माझ्या मनात कधी शेजारी आले नसते.

बिले ऑगस्टचा 'पेले द कॉन्करर' (1987) मी पूर्वी एकदाच पाहिला होता, तोही घाईत. मार्टिन आंडरसन नेक्सोच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाला 1988 मध्ये कान महोत्सवात पाम दोर हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, पुढे परभाषिक चित्रपटाचे ऑस्करही; आणि फॉन सिडोला पहिल्यांदाच ऑस्करचे नामांकन लाभले. स्वीडनमधून डेन्मार्कच्या बॉर्नहोल्म बेटावर मजुरीला आलेला विधुर लासे आणि त्याचा छोटा मुलगा पेले. जहाजावर लासे मुलाला रविवारी अंथरुणात कॉफी मिळण्याची स्वप्ने सांगतो. बंदरावर मालक लोक मजूर निवडून नेत असतात, आणि बाप फार म्हातारा, मुलगा फार लहान म्हणून या दोघांना कोणी घेत नाही. फॉन सिडो इथे आपली उंची अक्षरशः मोडून ठेवतो. तो खांदे पाडतो, टोपी हातात चुरगाळतो, प्रत्येक मालकाकडे आशेने वळतो आणि वळताना आधीच नकार गिळलेला असतो.

शेतावरचा एक उमेदवार कारभारी पेलेचा अपमान करतो, त्याला मारतो. लासे संतापाने पेटतो. आता दाखवतोच त्याला, असे मुलासमोर गरजतो आणि निघतो. त्या माणसासमोर पोचतो तेव्हा त्याच्यातले सगळे अवसान गळून जाते. मुलगा पाहत असतो. बापाने मुलाच्या नजरेतून उतरण्याचा असा प्रसंग मी इतरत्र पाहिलेला नाही, आणि त्यातही लासे हास्यास्पद होत नाही, ही फॉन सिडोची किमया. यान रोसेनबर्गच्या भित्रेपणाबद्दल घृणा वाटते, लासेच्या भित्रेपणाबद्दल माया. दोन्हींत शरीर तेच, घाबरण्याची पद्धतही जवळजवळ तीच. फरक असा की लासेला आपला भित्रेपणा माहीत आहे आणि तो त्याचे खापर कोणावर फोडत नाही. शेवटी पेले जगात निघतो तेव्हा, मी आता फार म्हातारा झालो, असे सांगून लासे मागे राहतो. 1957 मध्ये 'माझे शरीर भ्यालेले आहे, मी नाही' म्हणणाऱ्या नटाने तीस वर्षांनी 'मी भ्यालेलो आहे' असे सरळ सांगितले, आणि मला हे दुसरे विधान अधिक धाडसाचे वाटते.

यादीत शेवटचा होता 2011 चा 'एक्स्ट्रीमली लाउड अँड इन्क्रेडिबली क्लोज'. यातील भाडेकरू म्हाताऱ्यासाठी त्याला वयाच्या 82 व्या वर्षी दुसरे नामांकन मिळाले. हा म्हातारा बोलत नाही. कागदावर लिहून दाखवतो, आणि त्याच्या एका तळहातावर 'हो', दुसऱ्यावर 'नाही' असे गोंदलेले आहे. चित्रपट एकंदरीत मला गोडगोड आणि हुकमी अश्रूंचा वाटला. त्या गोंदलेल्या तळव्यांबद्दल माझी तक्रार त्याहून बारीक आहे. ज्या नटाने हातांनी देवाशी भांडण मांडले, बैल चिरला, व्हायोलिन धरली आणि खून केला, त्याच्या हातांवर शब्द लिहून ठेवण्याची गरज भासावी हे मला रुचले नाही. तरीही कथेतील लहान मुलासोबत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून चालताना फॉन सिडो फोग्लरनंतर अर्धशतकाने पुन्हा मुका होतो, आणि या वेळी त्याच्या गप्प राहण्यात कुठलेही सोंग नाही. तेवढ्यासाठी ते प्रसंग मी दुसऱ्या संध्याकाळीही पाहिले. ट्रोएलचा 'द फ्लाइट ऑफ द ईगल' आणि लिव्ह उल्मनने दिग्दर्शित केलेला 'प्रायव्हेट कन्फेशन्स' हे दोन अजून पाहायचे राहिले आहेत. त्यांच्या चांगल्या प्रती मिळाल्या की तेही याच पद्धतीने पाहायचे आहेत.